विधिलोप आणि प्रायश्चित्त

मत म्हणजे नागरिकाच्या इच्छेचा आविष्कार, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ती इच्छा मत म्हणून पूर्णत्वास कोणत्या क्षणी जाते, मतदाराने पाकीट चिकटवून टपालात टाकले त्या क्षणी, की अंमलदाराने ते विधिपूर्वक उघडून रुजू करून घेतले त्या क्षणी, हा प्रश्न आपल्या गावच्या मतदान केंद्रावर जाणाऱ्यास कधी पडत नाही, कारण तेथे मत देणे आणि ते पेटीत पडणे यांत अंतरच नसते. परदेशस्थ मतदाराच्या बाबतीत मात्र या दोन क्षणांमध्ये समुद्र, दोन देशांची टपालखाती, पाकिटाचा डिंक आणि कधीही दृष्टीस न पडणारे अधिकारी उभे असतात, आणि त्यांपैकी कोणाच्या कसुरीने मत वाया गेले तर त्याचे प्रायश्चित्त कोणी घ्यावयाचे, हा विचार कायद्याच्या कलमांपाशी थांबत नाही. कर्म, कर्ता आणि विधी यांच्या परस्परसंबंधाचा जो पुरातन प्रश्न आहे, त्याच्या दारापर्यंत तो येऊन पोहोचतो.

ऑस्ट्रियात २२ मे २०१६ रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदानाची दुसरी फेरी झाली, तेव्हा रविवारच्या रात्री नॉर्बर्ट होफर पुढे होते, आणि सोमवारी टपाली मते मोजली गेल्यावर अलेक्झांडर फान डेर बेलेन ३०,८६३ मतांनी विजयी ठरले. पुढे घटना न्यायालयात साक्षी झाल्या, तेव्हा असे निष्पन्न झाले की अनेक जिल्ह्यांत ही पाकिटे सोमवारी सकाळची विहित वेळ होण्यापूर्वीच, अथवा ज्यांना तसा अधिकार नव्हता अशांच्या हातून, उघडली गेली होती. चौदा जिल्ह्यांतील अशा ७७,९२६ मतांना हा विधिदोष लागला होता. कोणी लबाडी केल्याचा पुरावा न्यायालयास आढळला नाही, तरीही दोषग्रस्त मतांची संख्या विजयी मताधिक्याहून मोठी असल्यामुळे निकाल बदलण्याचा संभव पुरेसा मानून १ जुलै रोजी न्यायालयाने ती संपूर्ण फेरी रद्द केली.

हा निर्णय अनेकांस अतिकठोर वाटला, आणि त्यांचे म्हणणे झिडकारण्यासारखे नाही. जे घडले ते बहुतांशी दफ्तरी घाईतून घडले होते. मग चाळीस लाखांहून अधिक लोकांनी निर्मळ मनाने केलेली कृती काही कचेऱ्यांतील शैथिल्यापायी शून्यवत् का व्हावी? येथे मला पूर्वमीमांसेतील एक भेद फार उपकारक वाटतो. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात नित्य आणि काम्य कर्मांचा विचार करताना असा सिद्धान्त येतो की नित्य कर्म यथाशक्ती केले, एखादे अंग राहून गेले, तरी ते सफल होते. काम्य कर्म मात्र सर्वांगपूर्णच असावे लागते, कारण जो विशिष्ट फळाची अपेक्षा धरतो, त्यास त्या फळासाठी सांगितलेल्या विधीतून सवलत मागता येत नाही. मतदाराचे मत हे नित्य कर्माच्या जातीचे आहे: त्यातून त्यास स्वतःस काही मिळत नाही, आणि परमुलुखात, मर्यादित साधनांनिशी, तो ते आपल्या शक्तीनुसार करतो. राज्यसंस्था मात्र निवडणुकीतून एक फळ मागत असते, आणि ते फळ म्हणजे माणसांवर हुकूम चालविण्याची सत्ता. म्हणून तिच्या बाजूचा विधी काम्य कर्मासारखा निर्दोष असणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने पाहता न्यायालयाची कठोरता योग्य माणसाकडे वळली होती. ती ७७,९२६ मते तेवढी बाद करून उरलेल्यांवर निकाल दिला असता, तर अंमलदारांच्या कसुरीचा दंड निरपराध मतदारांनी भरला असता. त्याऐवजी राज्यसंस्थेने आपले कर्म निष्फळ झाले असे मान्य केले आणि प्रत्येकास पुन्हा विचारण्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. पुढे जे घडले त्यात तर हे तत्त्व अधिकच स्पष्ट दिसते. फेरमतदान २ ऑक्टोबर रोजी ठरले होते, पण टपाली मतदानासाठी छापलेल्या पाकिटांच्या कडा डिंक सदोष असल्यामुळे आपोआप उकलू लागल्या, आणि उघडे पाकीट म्हणजे बाद मत, असा कायदा होता. गृहमंत्री वोल्फगांग सोबोट्का यांनी १२ सप्टेंबरला मतदान तहकूब करण्याची तजवीज जाहीर केली, आणि ते अखेर ४ डिसेंबरला झाले. त्या वेळी सरकारची बरीच हेटाळणी झाली. मला मात्र तो त्या वर्षातला सर्वांत सदसद्विवेकाचा निर्णय वाटतो, कारण आपल्याच सदोष सामग्रीमुळे एकेका दूरस्थ मतदाराचे मत मुकाट्याने बाद होऊ देण्यापेक्षा साऱ्या राष्ट्राचा मुहूर्त पुढे ढकलणे त्यांनी पत्करले. डिसेंबरात फान डेर बेलेन सुमारे ५३.८ टक्के मते मिळवून निवडून आले.

परंतु मतदारास सवलत द्यावी एवढे म्हणून भागत नाही. ती केव्हा ठरली यावर तिचे नैतिक मूल्य अवलंबून असते. अमावास्येला करावयाच्या दर्शेष्टी या यागासाठी हवी काढून ठेवल्यावर पूर्वेस चंद्र उगवला, म्हणजे तिथी चुकली असे कळले, तर काय करावे हे तैत्तिरीय संहितेने आधीच सांगून ठेवले आहे: हवी टाकून द्यावयाचा नाही, तांदळाचे तीन भाग करून ते अग्नी दाता, इंद्र प्रदाता आणि विष्णू शिपिविष्ट यांस अर्पण करावयाचे. यजमानास त्या क्षणी आपल्या सोयीने काही ठरवावे लागत नाही. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात हीच पूर्वसिद्धता अपुरी पडली. परदेशातून येणाऱ्या मतांस दहा दिवसांची अधिक मुदत पूर्वीच्या न्यायालयीन तडजोडीने मिळालेली होती, ती कोणी नाकारली नाही; पण सैनिकी टपालावर पुष्कळदा टपालखात्याची मोहोर नसते, अशा पाकिटांचे काय करावे याचा वाद मात्र कोणाचे किती मताधिक्य आहे हे जगजाहीर झाल्यावर पेटला. न्यूयॉर्क टाइम्सने पुढील वर्षी तपास केला, तेव्हा मतदानदिनानंतर स्वीकारलेल्या २,४९० परदेशी मतांपैकी ६८० सदोष आढळली, आणि एकच दोष एका परगण्यात क्षम्य तर दुसऱ्यात अक्षम्य ठरला होता. जॉर्ज बुश यांचे मताधिक्य होते ५३७.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या आपशिंग्यासारख्या गावचा जवान सीमेवरून जे मत पाठवितो, त्याची पत्रिका आता विद्युत् मार्गाने त्याच्यापर्यंत क्षणात पोहोचते. परतीचा प्रवास मात्र टपालानेच होतो, आणि मोजणीस आरंभ होण्याच्या घटकेपूर्वी ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती न आल्यास तिची गणना होत नाही. परदेशी राहणाऱ्या सामान्य भारतीय नागरिकास तर स्वतः येऊनच मत द्यावे लागते. त्यासही टपालाची वाट खुली करावी असे मला मनापासून वाटते. मात्र डाक अडली, विमाने थांबली, पाकिटे उकलली तर मुदत किती वाढवावी, मोहोर नसलेल्या पाकिटाची खातरजमा कशी करावी, आणि किती मते दोषग्रस्त झाल्यास फेरमतदान घ्यावे, हे सारे ज्या वर्षी कोठेच मतमोजणी नाही आणि कोणाचे पाकीट कोणास लाभेल हे कोणासही ठाऊक नाही, अशा वर्षी संसदेने लिहून ठेवले पाहिजे.