लिहून देता येत नाही, ते शिकवावं का?

डॉक्टर : सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या वैद्यकीय महाविद्यालयात गांजाचे औषधी उपयोग शिकवा म्हणता. विद्यार्थी उद्या ते चिठ्ठीवर लिहू शकणार नाही. वर्गात तुम्ही औषध शिकवाल, गावात ऐकू जाईल ती परवानगी.

लेखक : डॉक्टर लिहीत नाही, रुग्ण मात्र घेतो. 1985 च्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे गांजा ठरवले, शेंड्यांविना पानं वगळली. म्हणून भांगेच्या पानांची आयुर्वेदिक तेलं परवान्यावर बनतात, ऑनलाइन घरपोच येतात. मालवणातल्या एखाद्या आईने फिट येणाऱ्या मुलाला असं तेल दिलं आणि त्याला फिटवरची क्लोबाझाम चालू असेल, तर तेलातल्या कॅनाबिडिऑल या घटकामुळे त्या गोळीचा अंमल वाढू शकतो, मूल दिवसभर पेंगतं. गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पाठवण्याआधी तेलाबद्दल विचारणारा डॉक्टर हवा. जो शिकलाच नाही, तो विचारणार नाही.

डॉक्टर : मग धोके शिकवा, उपयोग कशाला?

लेखक : उपयोग लपवले तर धोक्यांवरही विश्वास बसणार नाही. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दुर्मिळ अपस्मारांसाठी अमेरिकेने 2018 मध्ये शुद्ध कॅनाबिडिऑलला मान्यता दिली, हे विद्यार्थी मोबाइलवर वाचतोच. गप्प राहण्याची किंमत मॉर्फिनने दाखवली आहे. याच एनडीपीएस कायद्यात त्याच्या वैद्यकीय वापराला मुभा होती. तरी परवान्यांच्या जाचाने बारा वर्षांत वापर दहाव्या हिश्शाखाली गेला. मॉर्फिन न हाताळताच डॉक्टर शिकून बाहेर पडले, कॅन्सरचे रुग्ण तळमळत गेले. 2014 मध्ये कायदा सुधारला, धास्ती टिकून आहे.

डॉक्टर : ही तुलना तुमच्या सोयीची. मॉर्फिनने वेदना थांबते, यावर वाद नव्हता. गांजाबाबत हाताशी थोडा पुरावा आणि पुष्कळ आशा. पाच मार्कांच्या उत्तरात मुलं आशाच लिहितील.

लेखक : हे मला मान्य आहे. म्हणून धडा उपयोगांच्या यादीचा नको, पुराव्याच्या प्रतीचा हवा. कोवळ्या वयात मनोविकाराचा धोका वाढतो, हेही त्यात यावं. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ओ'शॉनेसीने रेबीजच्या रुग्णाला गांजा दिला. त्रास हलका झाला, रुग्ण वाचला नाही, आणि 1839 मध्ये त्याने दोन्ही गोष्टी नोंदवल्या. आराम आणि बरं होणं यांतलं अंतर शिकवायला याहून चांगलं प्रकरण नाही.

डॉक्टर : आणि सांधेदुखीची म्हातारी म्हणाली, तेलाने गुण येतो, चालू ठेवू का? तुमचा विद्यार्थी काय सांगेल?

लेखक : बाकीच्या गोळ्या तपासेल, पुरावा तोकडा आहे हे सांगेल. हो की नाही, हे मीही आज ठामपणे सांगू शकत नाही.

डॉक्टर : पण तिला तेवढंच हवं असतं.