दुसऱ्या शहरांत गेलेले शहर

प्रवासविषयक लेखनात ‘अल्पपरिचित स्थळ’ हा शब्दप्रयोग बहुधा अशा अर्थाने केला जातो, की ती वास्तू कोठेतरी आडवाटेला दडलेली असून ती शोधून काढणे हा प्रवाशाचा पराक्रम आहे. २०२४ मध्ये ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि बोलण्यात जे पूर्वीप्रमाणेच ‘नगर’ राहिले, त्या अहमदनगर शहराला ही कल्पना लागू पडत नाही. पुण्याहून सुमारे १२० किलोमीटर अंतरावरील या शहरातून शिर्डी आणि शनिशिंगणापूरकडे जाणारी वाहने वर्षभर धावतात. ज्या वास्तू पाहिल्या जात नाहीत त्यांपैकी बहुतेक या रस्त्यांपासून थोड्याच अंतरावर उघड्यावर उभ्या आहेत. तेव्हा विचारायचे ते असे, की शतकभराहून अधिक काळ दख्खनच्या राजकारणाचे एक केंद्र असलेले शहर प्रवाशांच्या नकाशावरून पुसले कसे गेले.

निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि त्याच परिसरात पुढे आपल्या नावाची राजधानी वसवली. या राजधानीने जे निर्माण केले त्यातील मोठा भाग आज इतरत्र पाहावा लागतो. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये येथेच ओतली गेली. ती पुढे परांडा किल्ल्यावरून विजापुरास नेण्यात आली आणि आज विजापूरचे भूषण म्हणून दाखवली जाते. हुसेन निजामशाहाच्या स्तुतिपर रचलेल्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या फारसी काव्याची सचित्र प्रत, जी दख्खनी चित्रशैलीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणली जाते, ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे; तिच्या चित्रांतील राणीच्या आकृती नंतर कोणीतरी रंग फासून झाकल्या, ही गोष्ट स्वतंत्र निबंधाचा विषय ठरावी. निजामशाहीचा शेवटचा समर्थ मुत्सद्दी मलिक अंबर याचे नगररचनेचे कर्तृत्व त्याने वसवलेल्या खडकी या गावाच्या, म्हणजे पुढच्या औरंगाबादच्या, खात्यावर जमा झाले. औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये नगरजवळ झाला, परंतु दफन खुलताबादेत. इतकेच काय, फरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी निजामशाही दरबारी होता. तो १५८९ मध्ये विजापुरास गेला आणि आपला प्रसिद्ध इतिहास त्याने आदिलशहाच्या आश्रयाने लिहिला. १६३६ मध्ये निजामशाहीचे राज्य नष्ट झाले, तेव्हा त्याच्या खुणांची काळजी घेणारा वंश उरला नाही आणि त्यांच्याकडे स्वतःचा वारसा म्हणून पाहणारे राज्यही पुढे आले नाही. विजापूर आणि गोवळकोंडा यांचेही राज्य बुडाले हे खरे. पण त्यांच्या घुमटांनी क्षितिज व्यापले होते, आणि नगरला तसा एकही घुमट लाभला नाही.

अशा शहरात दोन दिवसांसाठी येणाऱ्या प्रवाशाला एकेक वास्तू सुटी पाहून फारसे काही हाती लागत नाही. येथे जे टिकले त्याचा दुवा पाणी हा आहे. शहराच्या भोवतालच्या गावांतून खापरी नळांनी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली जोडून केलेल्या वाहिन्यांनी, पाणी आणण्याची व्यवस्था निजामशाहीत उभी राहिली, आणि बागा, हौद व महाल तिच्या आधाराने रचले गेले. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग हा महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध बांधलेला होता. तलाव कोरडा पडल्यामुळे त्याच्या उंच कमानी आज गवताळ मैदानात उगवल्यासारख्या दिसतात, आणि पाण्याचे गणित ठाऊक नसलेल्या माणसाला ती केवळ एक पडकी इमारत वाटते. पडझडीहूनही या अज्ञानाने वास्तूचे अधिक नुकसान होते, कारण पाणी वजा केले की महालाच्या जागेचे, उंचीचे आणि चारही बाजूंनी उघडे असण्याचे कारणच नाहीसे होते.

भुईकोट किल्ल्याविषयी तुलनेने अधिक लिहिले गेले आहे. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवलेला, १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतलेला हा किल्ला १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांचा तुरुंग झाला. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे येथेच लिहिली. त्याच्याजवळची सोळाव्या शतकातील दमडी मशीद मात्र दुर्लक्षित आहे. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी दमडी दमडी, म्हणजे पैशाहूनही क्षुद्र नाणे, बाजूला काढून ती बांधली असे सांगितले जाते. ही कथा खरी असो वा नसो, लहानशा दर्शनी भागावर दगडात केलेले कोरीवकाम मात्र सढळ हाताचे आहे.

प्रसिद्धी आणि विस्मृती यांचे नाते सर्वांत विलक्षण दिसते ते शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवरील डोंगरावर. तेथील तीन मजली अष्टकोनी इमारत ही मुर्तझा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. फराहबागेचे काम पुरे करून घेणारा मंत्री हाच. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात, वास्तविक चांदबिबीचा तिच्याशी काहीही संबंध नाही. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक आहे, परंतु या चुकीनेच वास्तूला माणसे मिळवून दिली: सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून जाणारी कुटुंबे एका शूर राणीच्या नावाने जातात, वाऱ्यात उभी राहून खाली पसरलेले शहर पाहतात आणि उतरतात. त्यांच्या पायांखाली, इमारतीच्या तळघरात, ज्याची कबर आहे त्या वजिराचे नाव घेऊन नगरच्या बसस्थानकावर रिक्षा ठरवू पाहणाऱ्यास अखेर ‘चांदबिबीचा महाल’ असेच म्हणावे लागते.