वाटेचा धनी कोण?

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथील देवालयाविषयीं एक आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनास उभे राहिले असतां पुजाऱ्यांनीं त्यांस तेथून उठविलें. नामदेव निमूटपणें देवळाच्या मागें जाऊन गाऊं लागले, आणि देवळानेंच आपलें तोंड त्यांच्याकडे फिरविलें. या कथेच्या ऐतिहासिक सत्यतेचा वाद येथें उपस्थित करण्याचें कारण नाहीं. आम्हांस तींत एक नीतितत्त्व दिसतें. दाराशीं उभा राहणारा माणूस दाराची व्यवस्था पाहण्यासाठीं असतो. आंत कोणाचा आवाज पोंचावा आणि कोणाचा पोंचूं नये, हें ठरविण्याचा अधिकार त्यास त्या व्यवस्थेमुळें प्राप्त होत नाहीं. कथेंत हा न्याय देवानें केला. व्यवहारांत तो कायद्यास करावा लागतो.

आजच्या काळांतील असें मोठें दार म्हणजे इंटरनेट होय. वसमतच्या मोंढ्यांत हळदीचे कट्टे नेण्यापूर्वीं शेतकरी हातांतल्या फोनवर सांगलीचा व निजामाबादचा भाव पाहतो, पावसाचा अंदाज घेतो, मुलीच्या परीक्षेचा निकाल काढतो. या सर्व ठिकाणीं तो एकाच वाटेनें जातो, आणि ती वाट एखाद्या दूरसंचार कंपनीच्या ताब्यांत असते. त्या कंपनीनें कांहीं संकेतस्थळें फुकट, कांहीं महाग, कांहीं जलद आणि कांहीं मुद्दाम मंद करावीं काय? तसें करूं नये, या तत्त्वास नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. आपण तीस वाटेची समता म्हणूं. सर्वांस सारखाच वेग मिळावा, असा तिचा अर्थ नव्हे. अधिक दाम देऊन कोणीं रुंद वाट घेतली तर त्यांत अन्याय नाहीं. परंतु वाटसरूनें कोठें जावें, ही निवड वाटेच्या मालकानें करूं नये, एवढेंच तिचें मागणें आहे.

हें मागणें नवीन नाहीं. एका गिऱ्हाइकास गैरवाजवी झुकतें माप देण्याची मनाई १८९० च्या रेल्वे कायद्यानेंच आगगाडीच्या व्यवस्थापकांस केली होती, आणि १९८९ च्या कायद्यांतहि तो निर्बंध कायम राहिला. माल कोणाचा हें पाहून मापाड्यानें काटा धरूं नये, हें तर मोंढ्यांतील निरक्षर मनुष्यहि जाणतो. रूळ ज्याचे असतील त्याचे असोत. ज्याच्या वाटेवांचून इतरांचा निर्वाह होत नाहीं, त्याचें स्वामित्व निरंकुश राहत नाहीं. त्यास विश्वस्ताचीं बंधनें येऊन चिकटतात.

या तत्त्वाची कसोटी आपल्या देशांत २०१५ सालीं लागली. त्या वर्षीं फेब्रुवारींत फेसबुकनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्यानें, महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत, निवडक संकेतस्थळें विनामूल्य पाहूं देणारी योजना सुरू केली. पुढें तिचें नांव फ्री बेसिक्स असें ठेवण्यांत आलें. इकडे वाटेच्या समतेच्या बाजूनें दहा लाखांहून अधिक ई-मेल पत्रें दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे जाऊन पडलीं होतीं. डिसेंबरच्या अखेरीस मार्क झुकरबर्ग यांनीं वृत्तपत्रांत लेख लिहून योजनेचें समर्थन केलें, आणि त्यांत दाखला दिला तो महाराष्ट्रांतील एका शेतकऱ्याचा. या योजनेमुळें त्यास पावसाची व बाजारभावाची माहिती मिळाली, त्याची शेती सुधारली. मग अशा माणसास ही सोय नाकारण्यांत कोणाचें हित आहे, असा त्यांचा प्रश्न होता. प्राधिकरणानें ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं उत्तर दिलें. मजकूर पाहून इंटरनेटचे निरनिराळे दर आकारतां येणार नाहींत, असा नियम झाला. आणीबाणीच्या सेवांचा अपवाद ठेवण्यांत आला, आणि नियम मोडणाऱ्यास दिवसाला ५० हजार रुपये, फार तर ५० लाखांपर्यंत, दंड ठरला.

तथापि झुकरबर्ग यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं, असें आम्हांस वाटतें. पुण्या-मुंबईस पुरें इंटरनेट उपभोगणाऱ्या सुशिक्षितांनीं सेनगांव किंवा कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्यास ‘अर्धें फुकट मिळत असलें तरी घेऊं नकोस, तत्त्व बुडतें’ असें सांगणें, म्हणजे भरल्या पोटीं उपवासाचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे. उपाशी माणसास अर्धी भाकरी देणाऱ्याचा हात धरणें कोणत्या नीतींत बसतें?

परंतु भाकरीचा दृष्टान्त येथें पुरता लागू पडत नाहीं. अर्ध्या भाकरीनें अर्धी भूक खरोखरच भागते. माहितीचें तसें नाहीं. ज्यास एकाच ठिकाणचा भाव दाखविला जातो, त्यास तो भाव खरा कीं खोटा हें कळण्याचा मार्गच उरत नाहीं. माहिती खरी ठरते ती पडताळ्यानें, आणि पडताळा म्हणजे दुसरीकडे जाऊन पाहण्याची मुभा. श्रीमंतास ती मुभा पैसे टाकून घेतां येते. गरिबास येत नाहीं. म्हणजे ज्याच्या नांवानें ही योजना पुढें करण्यांत आली, त्याच्याच पायांत तिचें बंधन सर्वांत घट्ट बसणार होतें. शिवाय, वसमतच्या एखाद्या तरुणानें हळदीच्या भावांचें आपलें छोटेंसें संकेतस्थळ काढलें, तर फुकटाच्या यादींतील बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास सोडून त्याच्याकडे कोण फिरकणार? यादींत शिरावयाचें तर दात्याच्याच अटी पाळावयाच्या. दानाचा धर्म असा कीं, दिलेल्या वस्तूवरील दात्याची सत्ता देतांक्षणींच संपते. येथें दाता देऊनहि धनीच राहतो. त्याचा हेतु शुद्ध असेलहि. परंतु कोणाच्या हेतूच्या शुद्धतेवर लाखों लोकांची वाट अवलंबून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

मात्र येथेंच आमच्या पक्षाची जबाबदारी सुरू होते. अर्धी भाकरी नाकारावयास लावणाऱ्यानें पुरी भाकरी देण्याचें ऋण आपल्या शिरावर घेतलें, असें आम्ही मानतों. तें ऋण कांहीं अंशीं लौकर फिटलें. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ बाजारांत उतरल्यावर स्पर्धेमुळें दर झपाट्यानें कोसळले आणि पुरें इंटरनेट खेड्यापाड्यांत पोंचूं लागलें. परंतु जुलै २०२४ मध्यें तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनीं दर वाढविले, तेव्हां स्पर्धेची ही कृपा कायमची नाहीं, हेंहि दिसून आलें. ज्या घरांत महिनाअखेर रिचार्जचे पैसे जुळत नाहींत, त्या घरास समतेच्या नियमाचा काय उपयोग? तेव्हां नियमाचें समर्थन करणाऱ्यांनीं, ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याच्या सरकारी संकल्पाचा पाठपुरावाहि तितक्याच हिरिरीनें केला पाहिजे.

दुसरा प्रश्न खुद्द सरकारचा. कंपनीस वाट अडवूं न देणारें सरकार स्वतःच ती बंद करतें, तेव्हां काय म्हणावें? २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनास हिंसक वळण लागलें असतां, आमच्याच मराठवाड्यांत बीड व जालन्याकडे इंटरनेट बंद ठेवण्यांत आलें होतें. जीवितरक्षणासाठीं असा प्रसंग येऊं शकतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु काश्मीरच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १० जानेवारी २०२० रोजीं दंडक घालून दिला आहे कीं, अशी बंदी बेमुदत असतां कामा नये आणि तिचे हुकूम प्रसिद्ध झाले पाहिजेत. जो निर्बंध दुसऱ्यावर घालावयाचा, त्याचें ओझें घालणाऱ्यानेंहि वाहिलें पाहिजे.

आपल्याकडे २०१८ पासून समतेचें तत्त्व सरकारनें परवान्याच्या अटींत घातलें आहे. तरीहि निश्चिंत राहतां येत नाहीं. अमेरिकेंत २०१५ चा असा नियम २०१७ सालीं रद्द झाला, २०२४ मध्यें पुन्हां आला, आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें तो मोडून काढला. येथील कंपन्याहि म्हणूं लागल्या आहेत कीं, ज्यांच्या चित्रफितींनीं वाट भरून जाते, त्या बड्या मंडळींनीं वाटेच्या खर्चाचा वांटा उचलावा. खर्च खरा आहे. परंतु वाटसरूनें एकदां पट्टी भरली असतां, तो ज्याच्या घरीं जातो त्याच्याकडूनहि ती वसूल करूं लागलें, तर उद्यां ज्यास ती परवडेल त्याच्याच घराकडे वाट वळेल. नियम करणारे बदलतात आणि नियमहि बदलतात. म्हणून हें तत्त्व कायद्याच्या पुस्तकापेक्षां लोकांच्या न्यायबुद्धींत अधिक खोल रुजावयास हवें. मापाड्यानें काटा मारल्यास मोंढ्यांतील शेतकरी ज्या संतापानें उठतो, तोच संताप वाट अडविणाऱ्याविषयीं आपणां सर्वांस वाटूं लागेल, तेव्हांच ही समता टिकेल असें म्हणतां येईल.