'मुलांसाठीच जातो' म्हणताना



शाळेची वार्षिक परीक्षा आटोपली की आम्ही बाळकुम सोडून दोन वर्षांसाठी चीनमधील ग्वांगझू शहरी जाणार आहोत. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. बातमी कळल्यापासून मिस्सा संपल्यावर आवारात अनेकांनी आपुलकीने चौकशी केली. जेवणाचे काय, भाषेचे काय, तिथे चर्च आहे का? चर्च आहे. ग्वांगझूचे येशूच्या पवित्र हृदयाचे कॅथेड्रल पूर्ण ग्रॅनाइटचे असून १८८८ मध्ये पुरे झाले. तिथे रविवारी इंग्रजी मिस्साही होते. निरोप घेताना मात्र बहुतेक जण म्हणतात, "बरे झाले, मुलांचे कल्याण होईल. मुलांसाठीच तर सगळे!" तिथे आम्ही अडखळतो.

कारण ते खरे नाही. आम्ही नोकरीसाठी जात आहोत. पगार बरा आहे, बढती आहे आणि जग पाहायची हौसही आहे. मुलांनी यातले काहीच मागितलेले नाही. मुलीला तिची शाळा, शेजारची मैत्रीण आणि आजीच्या हातचे जेवण पुरेसे आहे. धाकट्याला तर चीन मुंबईच्या पुढे की अलीकडे हेही ठाऊक नाही. आईवडिलांनी स्वतःच्या निर्णयाला मुलांचे नाव दिले की मुलांच्या डोक्यावर एक कर्ज चढते. दहा वर्षांनी कधी भांडण झाले की ते वसूल होते : "तुमच्यासाठी आम्ही देश सोडला!" संत योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसर देशी निघाला तो खरोखर बाळासाठी, कारण हेरोद बाळाच्या जिवावर उठला होता. आमच्यामागे कोणी हेरोद लागलेला नाही.

ठाण्याचा आणि चीनचा संबंध तसा जुना आहे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्यात उतरले आणि एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. तेव्हा येथे नेस्टोरियन पंथाची पंधराएक घरे होती. त्याच एप्रिलमध्ये तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती येथे रक्तसाक्षी झाले. त्यांना सोपाऱ्यात पुरले गेले. काही वर्षांनी ओदोरिक नावाचे फ्रान्सिस्कन इकडे आले आणि त्यांच्या अस्थी जहाजाने चीनमधील च्वानझू बंदरात घेऊन गेले. चीनला पोचायचे होते, ते असे पोचले.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करायला चीनला गेले. तिथेच त्यांचे लग्न झाले आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. त्याच डिसेंबरात डॉक्टर वारले, तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. शाळेत हा धडा ऐकताना सगळे डॉक्टरांचाच विचार करतात. आम्हाला हल्ली त्या मुलाचा विचार येतो. दोन देशांचे नाव त्याने स्वतः निवडले नव्हते.

मग लहान मुलांना असे उचलून नेणे अन्याय आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. पालकांना पुष्कळ गोष्टी न विचारताच ठरवाव्या लागतात. स्नानसंस्काराच्या दिवशी याच मुलांच्या वतीने आम्ही आणि धर्ममातापित्यांनी उत्तरे दिली होती. तेव्हा बाळाची संमती कोणी विचारली नाही. पण दृढीकरणाच्या दिवशी बिशपांसमोर मुलाने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचे असते. आपण दिलेल्या उत्तराला मुलाने पुढे 'हो' म्हणावे किंवा प्रश्न विचारावा, एवढी जागा राहिली पाहिजे. 'सगळे तुझ्यासाठी' म्हटले की ती जागा जाते. ज्याच्यावर उपकार झाले त्याने तक्रार कशी करायची?

म्हणून मुलीला आम्ही सरळ सांगितले, "हे आईबाबांच्या कामासाठी आहे. तुला वाईट वाटले तर वाटू दे." ती दोन दिवस बोलली नाही. नातेवाइकांनी समजूत काढायला तिकडच्या डिस्नेलँडचे आमिष दाखवले. (ते शांघायला आहे, ग्वांगझूला नव्हे!) आम्ही तिला रडू दिले. मैत्रिणीच्या घरी राहायला जायचे आहे, आजीबरोबर एकदा वसईला जायचे आहे, अशी तिची यादी तयार झाली आहे. सामानाच्या यादीपेक्षा सध्या तीच आधी चालू आहे.

विश्वासाची तयारीही करावी लागते. परदेशी माणसांनी सामूहिक उपासना तिथे नोंदणीकृत ठिकाणीच करायची असा नियम आहे, त्यामुळे इथल्यासारखी वाड्यातली एकत्र जपमाळ तिकडे व्हायची नाही. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचे मुलीचे वर्ग अर्धे झाले आहेत. उरलेले घरी आम्हालाच घ्यावे लागणार. फादरांनी पुस्तक दिले आहे आणि दोघांचे स्नानसंस्काराचे दाखलेही काढून दिले आहेत.

सर्वांत अवघड आहे आजी. तिच्याशी रोज बोलायचे म्हटले तर तिकडे व्हॉट्सअॅप बंद, आणि तिकडचे वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद. भारतीय सिमकार्ड रोमिंगवर ठेवले तर व्हॉट्सअॅप चालते, पण ते महाग पडते. शिवाय तिकडचे घड्याळ अडीच तास पुढे. आपल्या घरची रात्री आठची जपमाळ म्हणजे तिकडचे साडेदहा, तेव्हा धाकटा झोपलेला असणार. म्हणून आजीने स्वतःच वेळ बदलली. चाळीस वर्षे आठला होणारी जपमाळ ती आता सायंकाळी साडेपाचला म्हणते. महिनाभर आधीपासून सुरुवात केली आहे, सवय व्हावी म्हणून. मुले तोवर खेळून परतलेली नसतात, तर ती खिडकीतून हाका मारते.

आम्ही गेल्यावर ती घरात एकटी असेल. साडेपाचच्या सुमारास कोणी त्या बाजूने जात असाल तर आत जाऊन बसा. एक दशक म्हणायला तिला सोबत होईल.