काट्याला न दिसणारे

बुटाची नाडी बांधण्याआधी क्षणभर खुर्चीत टेका. तळहात पोटावर ठेवा. दाबू नका, मापू नका. या पोटाने आजवर लोकांच्या नजरा आणि बोलणी फार सोसली. आत्ता त्याला नुसती हाताची ऊब द्या. श्वास येतो, पोट वर येते. जातो, ते खाली बसते. असे चार-पाच श्वास होऊ द्या.

आता उठा, सपाट रस्ता धरा. आधी रमतगमत. मग चाल वाढवा, पण इतकीच की सोबतच्या माणसाशी बोलता येईल, गाणे मात्र म्हणता येणार नाही. गुडघा कुरकुरला तर चाल कमी करा. छातीत दुखले तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते, पण एका दमात निदान दहा मिनिटे चालायलाच हवे, ही अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. ते वाचून मला फार बरे वाटले होते. चार मिनिटांची चालही मोजली जाते.

लक्ष मांड्यांकडे न्या. चरबी वाढली की स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. साखर रक्तातच खोळंबते. चालणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट पाहत नाही, साखरेला स्वतःच आत घेतो. घरी परतल्यावरही दिवसभर, कधी दोन दिवस, तो इन्सुलिनला अधिक चांगली दाद देतो. मग हे ओसरते. परवा पुन्हा नाडी बांधायची ती यासाठी.

यापाशी थोडे रेंगाळा.

आता उजव्या बरगड्यांच्या आड, यकृताकडे. तिथली चरबी, आतड्यांभोवतीची चरबी नियमित चालण्याने हळूहळू उतरते. पुष्कळदा वजनाचा काटा तसूभर हलला नसतानाही. काट्याला आतले दिसतच नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१ टक्के, युडकिन यांची ९. दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला फोटोच छापून हे दाखवले. तेव्हा आकडा हलला नाही म्हणून आजची चाल वाया गेली, असे मनाशी म्हणू नका.

घराचा जिना आला. कठड्याला हात लावून सावकाश चढा. महिन्यापूर्वी कितव्या पायरीवर धाप लागत होती, आठवते? आज लागेल तिथे थांबा. श्वास खाली बसेपर्यंत उभे राहा.