आकडा माणसाचा, बंधन खरे

बाळगण्याजोग्या पिस्तुलांच्या नेमबाजी स्पर्धा घेणारी आयडीपीए ही संघटना अमेरिकेत १९९६ मध्ये स्थापन झाली. केवळ स्पर्धेसाठी घडवलेली अवजड शस्त्रे नकोत, माणूस खरोखर कमरेला लावेल अशाच पिस्तुलांनी नेमबाजी व्हावी, हा तिचा हेतू. म्हणून तिथे पिस्तुलांच्या विभागांना वजनाची कमाल मर्यादा घालून दिलेली असते. २०१७ च्या नियमपुस्तिकेने ‘स्टॉक सर्व्हिस पिस्टल’ या विभागाची मर्यादा ३९ औंसांवरून ४३ औंसांवर, म्हणजे सुमारे १२१९ ग्रॅमवर नेली. चेक बनावटीच्या सीझेड शॅडो २ या स्पर्धेच्या पिस्तुलाचे वजन सुमारे १३३० ग्रॅम भरते. ते घेऊन ४३ औंसांच्या विभागात उतरायचे, तर शंभराहून अधिक ग्रॅम उतरवावे लागतात. जड मुठीच्या जागी पातळ मूठ, मॅगझिनच्या बुडाला हलकी पट्टी, नियमाला मान्य असेल तिथे पोलादाची थोडी छिलाई, असे ग्रॅम-ग्रॅम करून काटा खाली आणला जातो. यात नेमबाज काहीतरी गमावतो हे नक्की. गोळी तीच असेल तर मागे येणारा संवेगही तेवढाच राहतो. तो कमी वजनात सामावायचा असल्याने पिस्तूल जास्त वेगाने मागे येते. १३३० ऐवजी १२१९ ग्रॅम म्हटले, तर हा वेग सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो. नळीचे तोंड जास्त उसळते आणि दुसरा नेम जुळायला जास्त वेळ लागतो.

मग प्रश्न उभा राहतो तो नीतीचा. १२१९ या आकड्यात पवित्र असे काय आहे? १२२० ग्रॅमच्या पिस्तुलाने कोणावर अन्याय होतो? एक ग्रॅम इकडे-तिकडे झाल्याने लक्ष्यावरचे एकही छिद्र हलणार नाही. शिवाय हाच आकडा एकेकाळी ३९ औंसांचा होता, उद्या आणखी काही होईल. जे नियमपुस्तिकेच्या एका आवृत्तीने बदलते, त्याचे पालन हा धर्म कसा म्हणायचा? आक्षेप वजनदार आहे. आकडा निसर्गातून आलेला नाही, माणसांनी बसून ठरवलेला आहे, हे त्यात अगदी खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण बंधनाचे बळ आकड्यात आहे असे तो गृहीत धरतो. माझे म्हणणे असे, की ते बळ स्वीकारातून येते. खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न करणे, अशी मांडणी तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात केली. कागदाला भोक पाडणे एवढेच साधायचे असते, तर जवळ जाऊन पेन्सिल खुपसता आली असती. ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या वेळात, ठरलेल्या वजनाच्या पिस्तुलाने ते साधायचे असे ठरले, तेव्हाच नेमबाजी जन्माला आली. त्यामुळे मर्यादा मोडून मिळवलेला विजय हा त्या खेळातला विजयच नसतो.

धर्मविचारात अशा स्वतःहून स्वीकारलेल्या मर्यादेचा सर्वांत सूक्ष्म ऊहापोह जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारनियमांत, सापडतो. श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी, म्हणजे गृहस्थाला झेपतील अशा छोट्या व्रतांपैकी, पाचवे परिग्रहपरिमाणाचे. किती शेते, किती घरे, किती सोने-रुपे, किती गुरे ठेवायची, याची मर्यादा श्रावक स्वतःच ठरवतो. शास्त्र त्याला आकडा देत नाही. तरीही एकदा घेतलेला आकडा त्याला बांधतो. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त या व्रताचे अतिचार, म्हणजे त्याला लागणारे दोष, सांगितले आहेत, आणि ते आजही डोळे उघडणारे आहेत. घरांची संख्या वाढू नये म्हणून शेजारचे घर विकत घेऊन मधली भिंत पाडायची. मोजदादीत घर एकच राहते. भांडी वाढू नयेत म्हणून छोटी वितळवून मोठी करायची. भांड्यांची संख्या तीच, धातू मात्र दुप्पट. व्रताची मुदत संपेपर्यंत जास्तीचे सोने दुसऱ्याच्या हवाली करून ठेवायचे. या प्रत्येकात मोजणी बिनचूक आहे. परंपरेने म्हणूनच याला धड भंगही म्हटले नाही आणि धड पालनही म्हटले नाही. बाहेरून व्रत शाबूत आणि आतून तडा गेलेले, असा हा प्रकार आहे.

वजनकाट्यासमोर नेमका हाच मोह उभा असतो. तपासणीला हलके मॅगझिन लावायचे आणि मैदानात जड, ही सोने दुसऱ्याकडे ठेवण्याचीच नेमबाजीतली आवृत्ती झाली. ती ओळखूनच नियमाने पिस्तूल सर्वांत जड मॅगझिन लावून तोलायचे ठरवले आहे. पण नियम कितीही बारीक विणला तरी त्यात फट उरतेच. ती बुजवणारा अखेरचा मनुष्य म्हणजे खुद्द नेमबाज. वजन उतरवण्यासाठी सुरक्षेचा एखादा भाग काढून टाकणारा किंवा कमकुवत करणारा याहून गंभीर दोषी ठरतो. काटा त्याला पास करील, पण ज्यांच्या शेजारी तो उभा राहतो त्यांच्याशी केलेला करार त्याने मोडलेला असतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. मर्यादेच्या काठापर्यंत बरोबर १२१९ ग्रॅमचे पिस्तूल घडवणारा तरी हेतूशी कुठे प्रामाणिक आहे? त्याचे मन जडपणातच अडकलेले. अक्षर पाळून तो आशय चुकवत नाही का? इथे व्रत आणि खेळ यांतला फरक मानलाच पाहिजे. परिग्रहाच्या व्रताचे ध्येय आसक्ती कमी करणे असल्याने तिथे जितके कमी तितके बरे. खेळातल्या मर्यादेचे ध्येय समान भूमी तयार करणे हे आहे. त्या रेषेच्या आत जे काही आहे, ते सर्वांसाठी सारखेच खुले असते. काठापर्यंत उघडपणे जाणाऱ्याने कोणाचेही काही हिरावलेले नसते. लबाडी सुरू होते ती लपवण्यापासून. नियम हेतूला पुरा पडत नाही असे वाटत असेल, तर तो बदलण्यासाठी भांडावे. ३९ चे ४३ झाले ते नियमपुस्तिकेत, सर्वांसमोर. तिथे प्रत्येकाने आपापला काटा बदललेला नव्हता. हेतूचा अर्थ मी एकटा लावणार आणि आकडा माझ्यापुरता सैल करणार, ही भूमिका मात्र कोणत्याही सामायिक जीवनात टिकणारी नाही.

तिसरा आक्षेप टाळण्यासारखा नाही: अहिंसावादी धर्माच्या व्रतांचा दाखला पिस्तुलाला द्यावाच का? जैन आचार्य तर दुसऱ्याला शस्त्र पुरवणेही अनर्थदंडात, म्हणजे विनाकारण होणाऱ्या हिंसेत, मोजतात, आणि त्यांच्या नजरेतून हा छंदच त्याज्य ठरेल. तो निवाडा मी पुसून टाकत नाही. त्यांच्याकडून मी शस्त्राला संमती घेत नाही, संकल्पाचे तर्कशास्त्र घेतो. ते तर्कशास्त्र शेत, सोने, पिस्तूल, करविवरण किंवा निवडणूक खर्चाची मर्यादा असा भेद करत नाही. उलट, ज्याच्या हातात प्राण घेऊ शकणारे साधन आहे, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा इतरांपेक्षा जास्तच असायला हवी.

म्हणून शेवटचा ग्रॅम उतरवण्याला क्षुद्रपणा समजू नये. कोणी पाहत नसतानाही तो खरोखर उतरवणे, हे शब्द पाळण्याचे मोजता येणारे रूप आहे. जी मर्यादा मान्य नसेल ती उघडपणे नाकारा, किंवा तिच्याविरुद्ध बोला. पण एकदा स्वीकारलीत, तर मधली भिंत पाडू नका.