आधी झाडू हातात घे

कालची पोस्ट वाचली तुझी. कोंबडीच्या दुकानाचा फोटो, आणि खाली "माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही का?" कोणाला विचारलंस हे? दुकान तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. दुकानदार तुला नावाने ओळखतो. त्याच्यासमोर कधी उभा राहिलास? पिंजऱ्यात पाणी ठेवलंय का, एवढं तरी विचारलंस? नाही. घरी आलास, दार लावलंस आणि जगाला शिव्या घातल्यास. त्या कोंबडीच्या पदरात काय पडलं?

तुला कळत नाही म्हणून मी चिडलेलो नाही. तुला सगळं कळतं, म्हणून चिडलोय. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं जन्मताच मारून टाकतात, कारण ती अंडी घालणार नसतात. हे तूच मला तपशीलवार सांगितलंस. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवरचा विधी आयोगाचा २०१७चा अहवाल तू वाचलायस. वाचलास आणि ठेवून दिलास. ज्याला ठाऊकच नाही त्याला एक वेळ सोडून देईन. तुला कसं सोडू?

"सर, कायद्यात दमच नाही. दंड पन्नास रुपये." हे तुझं ठरलेलं वाक्य. १९६०चा कायदा, कलम ११, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. खरं आहे, आणि लाजिरवाणं आहे. पण पुढची ओळ वाचलीस? तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता मला सांग, पहिल्या गुन्ह्याची नोंदच नसेल तर दुसरा गुन्हा दुसरा ठरणार कसा? आणि ती पहिली नोंद करायला कोण जाणार? मोटारसायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या रोज सकाळी बघतोस. गाडीचा नंबर टिपलास? ठाण्यात लेखी अर्ज दिलास? पोच घेतलीस? "ते ऐकत नाहीत." गेला होतास का, ते आधी बोल. जिल्ह्याजिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी हवी, असं २००१चे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्यातली चालू आहे की नुसती कागदावर, कधी चौकशी केलीस? पन्नास रुपयांचं रडगाणं तुला सोयीचं आहे. त्याच्या आडोशाला झोप छान लागते.

आता आहाराचं. वस्तीत जाऊन काय सांगून आलास? टोफू खा, बदामाचं दूध प्या. ज्या बाईची रोजची मजुरी त्या एका डब्यात संपेल, तिला तू हे सांगतोस? तुझ्या आजोळी कोंबडीवड्यांच्या जागी काळ्या वाटाण्याची आमटी चालते, चाटूनपुसून खाल्ली जाते. खानदेशात शेवभाजी आहे, भरीत आहे. मटकीची उसळ, सुरणाचे काप, फणसाची भाजी. यातलं एक तरी तुला रांधता येतं? मग दुसऱ्याला कशाच्या जोरावर सांगतोस, की मांसाविना जेवण रंगतं? श्रावणात लाखो घरं आपणहून मांस-मच्छी बंद ठेवतात. कित्येक घरं गणपती जाईपर्यंत थांबतात. चुली तयार, जिभा तयार. तेव्हा तू काय करतोस? गटारीची चित्रं फिरवतोस आणि लोकांना नावं ठेवतोस. महिना संपताना एखाद्या घरी जाऊन "आठवड्यातले आणखी दोन दिवस असंच चालवाल का?" असं विचारलंस? कशाला विचारशील. त्यासाठी जिना चढावा लागतो.

"मी जन्मापासून शुद्ध शाकाहारी." यात तुझं कर्तृत्व काय? आईने वाढलं ते खाल्लंस. तू स्वतः काय सोडलंस? म्हशीला टोणगा झाला की गोठ्यात त्याचं काय होतं, माहीत आहे ना? आटलेली म्हैस कुठे जाते? म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगात आघाडीवर आहे, आणि ही जनावरं दुधाच्याच गोठ्यांतून येतात. जनावराकडून बळजबरीने दूध काढण्याची फुंक्याची क्रूर रीत गांधींना कळली तेव्हा त्यांनी गाई-म्हशीचं दूध सोडलं. पुढे आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं, तर ती बोच त्यांनी आत्मचरित्रात उघड लिहिली. उद्या सकाळी दूध बंद कर, असं मी म्हणत नाही. पण स्वतःच्या चहाबद्दल अवाक्षर नाही आणि दुसऱ्याच्या ताटात बोट! लोकांनी तुझं का ऐकावं?

आणि त्या दिवशीची सोसायटीची बैठक. मासे खाणारे म्हणून एका कुटुंबाला घर नाकारलं. तू तिथे होतास. मान खाली घालून बसलास. त्या नकाराने किती मासे वाचले? एकही नाही. ते कुटुंब मात्र आता शाकाहार हा शब्द ऐकला की तोंड फिरवणार. सोवळ्याला करुणेचं नाव देऊ नकोस, या मातीत त्याने फार माणसं दुखावली आहेत. माळ घातलेला वारकरी सगळ्या जातींत आहे. त्याने मांस सोडलं ते कोणी दाराबाहेर उभं केलं म्हणून नव्हे.

गाडगेबाबांचं नाव भाषणात घेतोस. त्यांनी काय केलं ते आठव. घरात मुलीचं बारसं. समाजाची रीत मटण आणि दारूची. बाबांनी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद चिडले, चिडू दिले. सुरुवात स्वतःच्या पंगतीपासून केली. जत्रेतल्या बोकडाबद्दल लोकांशी बोलायचं, तर आधी त्यांचं गाव झाडायचं. दिवसा झाडू, रात्री कीर्तन. कीर्तनातही शिव्याशाप कमी, प्रश्न जास्त. उत्तर समोरच्या माणसाच्या तोंडून काढायचं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस हे करून गेला. तुझ्याकडे पदवी आहे, मोटारसायकल आहे, रविवार मोकळा आहे.

"मला लोकांसमोर बोलता येत नाही" हेही ऐकवू नकोस. लंडनमध्ये शिकणाऱ्या तरुण गांधींना शाकाहारी मंडळाच्या बैठकीत स्वतः लिहिलेलं टिपण वाचायचा धीर झाला नाही. दुसऱ्याने वाचलं. तरी त्याच पोराने बेजवॉटरमध्ये, राहत्या भागात, शाकाहारी क्लब काढला आणि चिटणीस झाला. परका देश, परकी भाषा. तुझी तर गल्लीही तुझी आहे.

गुरुवारी बाजार आहे. कोंबड्यांची गाडी उजाडायच्या आत येते. तू त्याआधी तिथे हवास. कलम ११ची मराठी प्रत खिशात, अर्जाचे दोन कागद, पेन. गाडीवाल्याशी आवाज चढवायचा नाही, त्याचंही पोट आहे. कोंबड्यांना पाणी दे, उलट्या टांगण्याऐवजी टोपल्यांत ठेव, हे आधी बोलायचं, ऐकलं नाही तर ठाण्यात जायचं. पोच मला आणून दाखव. आणि रविवारी काळे वाटाणे भिजत घालून ये. वस्तीतल्या बायकांना जेवायला बोलावलंय, आमटी तू करणार आहेस.